बिनतिखटाचं ताट

आमच्या मूळपुरुषाला तिखट सोसत नव्हतं. त्याच्याबद्दल घरात खात्रीनं ठाऊक असलेली गोष्ट एवढीच. बाकी सगळं ऐकीव. तो वलंदेज होता, म्हणजे डच. समुद्रावरून वेंगुर्ल्याला आला, तिथल्या वखारीतून पळाला किंवा हाकलला गेला, आणि मिठाच्या बैलांबरोबर घाट चढून आमच्या चंदगडच्या बाजूला पोचला. त्याचं नाव कुणाला माहीत नाही. घरात त्याला नुसतं 'पावणा' म्हणत. किती पिढ्या झाल्या तरी तो पावणाच राहिला.

सर्वपित्रीला आमच्या माहेरी म्हाळ घालतात. पितरांची पानं घरात वाढून झाली की पावण्याचं ताट निघायचं. ते घरात वाढायचं नाही. गावाबाहेर तळ्याकडं आमचं भाताचं शेत आहे. त्याच्या बांधाला, जांभळाच्या झाडाखाली, एक काळा धोंडा आहे, गुडघ्याएवढा उंच. त्याच्यावर ना शेंदूर, ना अक्षर. तो पावण्याचा धोंडा. ताट तिथं न्यायचं.

त्या दिवशी आई आमटीत चटणी, म्हणजे तिखट, घालायच्या आधी दोन पळ्या बाजूला काढायची. भाजीही त्याची वेगळी, नुसतं खोबरं आणि मीठ. आमच्या जिल्ह्यात असलं जेवण कुणी आजाऱ्यालासुद्धा देत नाही. पण त्या एका दिवशी चुलीच्या एका बाजूला ती पांढरी आमटी रटरटायची आणि आई तिच्याकडं जास्त लक्ष द्यायची. आमची लाल आमटी करपली तरी चालायची.

मग सगळे निघायचे. पुढं वडील ताट घेऊन, मागं चुलता काजूच्या दारूची वाटी घेऊन, त्यामागं आम्ही पोरं. भात तेव्हा पोटरीला आलेलं असतं. बांध निसरडे, पाऊस गेलाय म्हणेपर्यंत पुन्हा यायचा. धोंड्यापाशी पोचेपर्यंत वाटी अर्धी झालेली असायची. चुलता म्हणायचा, "हिंदकळली." वडील म्हणायचे, "तुझ्या मिशीवर कशी काय हिंदकळली रं?"

ताटाबरोबर एक खण आणि हिरव्या बांगड्याही धोंड्यापुढं ठेवायच्या. त्या माझ्या हातात असायच्या. एकदा मी आईला विचारलं, ह्या कशाला? ती म्हणाली, "रीत हाय. नीट धर, फुटतील." मी नीट धरल्या. पुन्हा विचारलं नाही.

नैवेद्य दाखवून झाला की उरलेला भात वाटेत आम्हा पोरांना मिळायचा. थंड झालेला, बेचव. तरी आम्ही त्याच्यासाठी भांडायचो. आता दात नाहीत, भूक नाही, पण त्या भाताची आठवण आली की तोंडाला पाणी सुटतं. ते का, ते मला सांगता येत नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. तिसरीत मास्तरांनी नकाशावर काठी ठेवून हॉलंड दाखवलं. नखाएवढा देश. मी घरी येऊन सांगितलं, पावण्याचा गाव बघितला. वडील म्हणाले, "लांब हाय काय?" मी म्हटलं, वीतभर. त्यांना ते पटलं.

माझा धाकटा भाऊ घाऱ्या डोळ्यांचा निघाला. घारे डोळे आमच्या बाजूला आणि खाली कोकणात पैशाला पासरी आहेत, पण आमच्या घरात ते पावण्याचे धरले गेले. शाळेत पोरं त्याला 'टोपीकर' म्हणून चिडवायची. तो आधी रडायचा, मग त्याचाच तोरा मिरवायला लागला. पुढं तो एसटीत कंडक्टर झाला आणि चंदगडच्या गाडीत बसलेल्या निम्म्या लोकांना त्यानं आपली वलंदेजाची कथा तिकिटाबरोबर दिली असेल.

मी लग्न होऊन कोल्हापुरात आले. सासरी म्हशींचा धंदा. शेणात आणि दुधात आयुष्य गेलं, त्याबद्दल तक्रार नाही. पहिल्याच वर्षी सर्वपित्रीला मी सवयीनं आमटी बाजूला काढली. सासूनं पातेल्यात डोकावून विचारलं, "कोण आजारी हाय गं घरात?" मी सांगितलं, आमचा पावणा. सासू म्हणाली, "तुमचा पावणा तुमच्या घरी. हितं चटणी घाल." मी घातली. सासू गेल्यावर मात्र पुन्हा काढायला लागले. ती आमटी मीच खायची, स्वयंपाकघरात उभ्यानं.

आता भावाबद्दल. त्याला एकच मुलगी. वहिनी गेल्यावर तो एकटा पडला, तेव्हा माझी ही भाची नवऱ्याला घेऊन गावात राहायला आली. जावई शाहूवाडीकडचा. कमी बोलतो. गावात काजू फोडायचा लहानसा कारखाना काढलाय, शेतही भाचीबरोबर बघतो. घरजावई म्हटलं की आमच्याकडं बारा महिने चेष्टा. पारावर बसलेली माणसं त्याला बघून म्हणायची, "काय शाहूवाडी, सासऱ्याचं जेवण पचलं का?" तो हसून पुढं जायचा.

गेल्या वर्षी सर्वपित्रीनंतर भाऊ न्हाणीत पाय घसरून पडला आणि खुबा मोडला. आता त्याला शेतापर्यंत चालवत नाही. त्यामुळं ताट कोण नेणार, हा प्रश्न आला. आणि आमचा चुलतभाऊ आला. मिशीवर दारू हिंदकळायची त्या चुलत्याचा हा मुलगा. मी तेव्हा भावाला बघायला म्हणून गावी गेले होते, त्यामुळं सगळं माझ्यासमोर झालं.

चुलतभाऊ बसला, चहा घेतला, मग म्हणाला, "आप्पा, तुमच्यामागं ताट आमच्याकडं येनार. रीतच हाय. लेक परक्या घरची."

भाऊ म्हणाला, "शेत ती कसती. सैपाक ती करती."

"शेत खाऊ द्या की. कायद्यानं लेकीला मिळतंय, मी कुठं न्हाय म्हंतोय? पर ताट कायद्यात न्हाय. जावयाच्या हातनं कुनी पितरास्नी वाढत्यात व्हय? दिवाळी झाली की धोंडा उचलून आमच्या वावरात बसवतो."

मी म्हटलं, "आणि तुझ्यामागं कोण वाढणार?"

"माझा ल्योक हाय की."

"कुठाय?"

"पुन्यात."

"शेवटचा कधी आलता?"

"आक्का, तुम्ही मधी पडू नका. तुम्हीबी परक्या घरच्याच."

हे त्याचं खरं होतं. मी कप उचलून आत गेले.

आत भाची परातीत तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. खडे असे फेकत होती की भिंतीवर आवाज येत होता. म्हणाली, "आत्ती, लहानपणापासनं मी त्या धोंड्यापुढचं गवात काढलंय. ह्यांच्या पोराला धोंडा कुठल्या झाडाखाली हाय ते तरी ठावं हाय का?"

भावाच्या मनानं मात्र वेगळंच घेतलं. तो म्हणाला, पावणा कोण होता हे एकदा कळलं पाहिजे. तो आपल्यातला नव्हता, तर त्याला आपली रीत कशाला? त्याच्या देशात लेकीला चालत असेल, तर इथंही चालायला पाहिजे. पडल्या पडल्या माणसाला काहीही सुचतं. पण बोलणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. भाची आणि जावई त्याच्या नादाला लागले आणि मीही मुक्काम वाढवला.

आधी जावयानं गाडी काढली आणि आम्ही सगळे वेंगुर्ल्याला गेलो. भावाला पुढच्या सीटवर उशा लावून बसवलं. घाट उतरताना तो सारखा म्हणत होता, "हितनंच चढला असनार. बघा, कसला चढ हाय." वखार म्हणजे चार पडक्या भिंती, त्यांतून उगवलेली झाडं आणि खारी हवा. भावानं गाडीतूनच बघितलं. किती तरी वेळ बघत होता. मी खाली उतरून भिंतीला हात लावला. जांभा दगड, आमच्या गोठ्याला होता तसलाच. तिथं एक बाई जाळं वाळत घालत होती. भाचीनं तिला विचारलं, इथल्या वलंदेजांचं कुणाला काही माहीत आहे का? ती म्हणाली, "ते गेले गो." जणू काल संध्याकाळी गेले. मग आम्ही मासे खाल्ले आणि परत आलो.

त्यानंतर भाचीनं कॉम्प्युटरवरून हॉलंडला विचारलं. तिकडं जुने कागद जपून ठेवणारं कुठलंसं ऑफिस आहे. उत्तर चांगलं आलं, अदबीचं. माणसाचं नाव सांगा, किंवा जहाजाचं, किंवा साल सांगा, म्हणजे शोधता येईल. आमच्याकडं तिन्हींपैकी एकही नव्हतं. आमच्याकडं एवढंच होतं की त्याला तिखट सोसत नव्हतं. भाचीनं तेही लिहून पाठवलं. त्यावर उत्तर आलं नाही.

शेवटी हेळव्याला बोलवायची गोष्ट निघाली, आणि ती चुलतभावानंच काढली. आमच्या सीमेकडच्या शेतकरी घरांची वंशावळ हेळव्याच्या तोंडात असते. बापाकडून पोराला, तोंडोतोंडी. चुलतभाऊ चार माणसांत म्हणाला, "हेळवी सांगंल ते मला मान्य. वंश ल्योकाकडनं चालतो का लेकीकडनं, त्यो सांगंल." भाऊही हो म्हणाला. त्याला वेगळीच आशा होती, की हेळव्याच्या तोंडून पावण्याचं नाव निघेल.

हेळवी मला लहानपणापासून आठवतो. सुगी झाली की कधीतरी लांबून घुंगरांचा आवाज यायचा. नंदी असावा तसा सजवलेला बैल, शिंगांना गोंडे, आणि त्याच्यावर बसलेला म्हातारा, डोक्याला भलं मोठं पागोटं. तो बैलावर बसूनच आमच्या दारात वंशावळ म्हणायचा, निम्मी मराठी, निम्मी कानडी, एका दमात. सगळी भावकी अंगणात. म्हणता म्हणता एखाद्या मेलेल्या माणसाचं नाव आलं की कुणीतरी म्हातारी पदर तोंडाला लावायची. आम्हा पोरांना वाटायचं, ह्याला आपली सगळी माणसं माहीत आहेत, तर हा आपल्या घरातच का राहत नाही?

पण एक गोष्ट होती. अगदी मुळापासून वंशावळ म्हणायची तर हेळव्याला गाय द्यावी लागायची. चार पिढ्यांपासून म्हटली तर भातावर भागायचं. आमचा आज्जा चिकट. तो हेळव्याला दारातच सांगायचा, "मागचं ऱ्हाऊ द्या, माझ्या आज्ज्यापासनं सुरू करा." दर खेपेला हेच. वडिलांनीही तेच चालू ठेवलं. म्हणजे वलंदेज वलंदेज म्हणून मिरवणाऱ्या आमच्या घरात हेळव्याच्या तोंडून वलंदेजाची गोष्ट ऐकलेला एकही जिवंत माणूस नव्हता, आणि त्याचं कारण एक गाय.

जावयानं गाईची पाडी द्यायचं कबूल केलं. सासऱ्याच्या गोठ्यातली नव्हे, स्वतः पाळलेली. हे मी मुद्दाम लिहिते.

हेळव्याचा नातू आता रायबागकडं राहतो. तो मोटरसायकलवरून आला, जीन्स घालून, पागोटं पिशवीत. दारात पागोटं बांधलं आणि म्हणाला, "बैल पायजे. बैलाबिगर म्हनता येत न्हाय." गावात सगळे ट्रॅक्टर. शोधून शोधून एक बैल मिळाला, तोही उधळा. हेळवी वर चढायला गेला की तो अंगण ओलांडून गल्लीत. दोनदा पकडून आणला. माणसं पोट धरून हसत होती. शेवटी ठरलं की बैल खांबाला बांधायचा, हेळव्यानं प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि एक हात बैलाच्या पाठीवर ठेवायचा.

भावाला उचलून सोप्यात खाटेवर ठेवलं होतं. चुलतभाऊ त्याच्या पायथ्याशी, हाताची घडी घालून. भाची चुलीपुढून उठायला तयार नव्हती. मी तिला दंड धरून बाहेर आणली. म्हटलं, भात करपला तर करपू दे.

हेळव्यानं सुरू केलं. आमचा पहिला माणूस कुठून आला, त्यानं कुठलं रान तोडलं, किती रेडे बाळगले, सगळं. नावं मी इथं लिहीत नाही. आवाज त्याच्या आज्ज्याचाच होता. मला वाटलं, आता मागं वळून बघितलं तर आई दाराशी उभी असेल. मी वळले नाही.

हेळवी तिसऱ्या का चौथ्या पिढीपर्यंत आला. तिथल्या माणसाचं नाव घेतलं आणि म्हणाला, "त्येला ल्योक न्हाय. येकच लेक. घाटाखालनं मिठाच्या बैलासंगं गोरा मानूस आला, तापानं फणफणलेला, वलंदेजी जातीचा. लेकीनं त्येला परड्यात ठिवला, पेज पाजली, जगवला. बापानं घरजावई करून घेतला. कुळी बापाची, जमीन बापाची, वंश लेकीचा."

सगळ्यांच्या माना जावयाकडं वळल्या. बैल शेपटी मारत होता.

भाऊ खाटेवर कोपरावर उठला. "त्येचं नाव? त्या गोऱ्या मानसाचं?"

हेळवी थांबला. मध्ये थांबवलेलं त्यांना आवडत नाही. म्हणाला, "जावयाचं नाव आमी घेत न्हाय, आप्पा. जावई त्येच्या कुळीत म्हनायचा. त्येच्या गावचा हेळवी म्हनंल."

"त्येच्या गावात हेळवी न्हाय."

"मग त्येचं नाव गेलं."

भाऊ आडवा झाला. एवढा म्हातारा माणूस, पण चेहरा असा झाला की जणू कुणी हातातलं काढून घेतलं. मला त्याची दया आली, हे कबूल करते, पण त्या वेळी माझं लक्ष भाचीकडं होतं. ती हेळव्यापुढं झाली. म्हणाली, "काका, मग तळ्याकडचा धोंडा कुनाचा?"

"तिचा की. तुमच्या त्या लेकीचा."

चुलतभाऊ हाताची घडी सोडून म्हणाला, "असं कसं? आमी पावन्याचा म्हनून पुजतोय."

"खन ठेवतासा न्हवं थितं?"

"ठेवतो."

"बांगड्या?"

"ठेवतो की."

"मग," हेळवी म्हणाला, "गड्याला बांगड्या भरतासा व्हय?"

असं हसू फुटलं की बैलानं दावं तोडलं. पारावरची ती टोमणे मारणारी माणसं सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. बैल पकडून आणेपर्यंत हेळव्याला थांबावं लागलं.

मी हसले नाही. कारण त्या बांगड्या वर्षानुवर्षं माझ्या हातात होत्या. आमच्या आईनं त्या ठेवल्या, तिच्या सासूनं ठेवल्या, आणि एकीलाही वाटलं नाही की हे काय चाललंय. मालकाचं ताट म्हणून रांधत होतो आणि वाढत होतो मालकिणीपुढं. मग ते बिनतिखट कशाला? हेळव्याला विचारलं, तर म्हणाला, आमच्या सांगण्यात न्हाय. पावणा तिथंच मेला की परत समुद्राकडं गेला, तेही त्यांच्या सांगण्यात नाही. मला वाटतं, बाईनं आयुष्यभर त्याच्यासाठी वेगळी आमटी काढली असणार, आणि तो नसतानाही काढत राहिली असणार. हाताला लागलेली सवय सुटत नाही. हे मात्र मला कुणी सांगायला नको.

वंशावळ पुढं चालू झाली आणि आमच्या भाचीच्या नावापर्यंत येऊन थांबली. तिचं नाव हेळव्यानं भावाच्या पुढं जोडलं. मुलगा नाही तिथं मुलगी, असं त्याचं पूर्वीपासून चालत आलेलं म्हणणं. पाडी दिली, जेवण झालं. चटणी घातलेलं.

चुलतभाऊ दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "झालं ते झालं. पर पहिल्यापासनं असं ठावं असतं तर बोललोच नसतो." धोंडा उचलायची गोष्ट परत निघाली नाही.

ह्या सर्वपित्रीला मी पुन्हा माहेरी गेले. एसटीनं, एकटी. म्हाळ झाला. ताट भाचीनं घेतलं आणि वाटी जावयानं. जावई पीत नाही, त्यामुळं वाटी काठोकाठ भरलेली शेतापर्यंत पोचली. आमच्या घराच्या इतिहासात हे पहिल्यांदाच झालं असेल. भावाला चाकाच्या खुर्चीतून रस्त्याच्या कडेपर्यंत नेलं. तिथून शेत दिसतं. तो मला म्हणाला, "आक्का, आता त्या गोऱ्याला कुनी वाढायचं?" मी म्हटलं, "आपण आजपर्यंत त्यालाच वाढलं, तो जेवला असेल तर खूप जेवला." हल्ली तो लोकांना वलंदेजाची गोष्ट सांगत नाही. कुणी विचारलं तर सांगतो, पण आधी त्या बाईचं नाव घेतो, हेळव्यानं सांगितलेलं. ते त्याला पाठ झालंय.

चुलतभाऊ आमच्यामागून बांधावर आला होता. भाची धोंड्यापुढं ताट ठेवत होती. जावयाचा पाय चिखलात गेला, तसा चुलतभाऊ म्हणाला, "जावईबापू, सांभाळून. डाव्या अंगानं या." आजवर तो त्याला 'शाहूवाडी' म्हणत होता. मग तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, माझी लेक गडहिंग्लजला दिलीया. पोरगं काय पुन्यासनं येत न्हाय. पुढल्या वर्षाला तिला बोलवू म्हंतो. हितं आली तर चालंल काय, ताट कसं वाढत्यात बघाय?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? भाचीला विचार. धोंडा तिच्याकडं हाय."

तो बांधावरून खाली उतरला आणि विचारायला गेला.